मिरीचा क्रायोकूलर: हेलियम तेच, पण संपत नाही

मी अतिशीत तापमानाच्या प्रयोगशाळेत काम करते. द्रव हेलियमची पातळी उतरत असते आणि ती तळाला जायच्या आत मोजमापं उरकायची, ही घाई आमच्या अंगवळणी पडलेली. म्हणूनच जेम्स वेब दुर्बिणीवरच्या ‘मिरी’ या मध्य-अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या उपकरणाचा क्रायोकूलर, म्हणजे त्याला गार ठेवणारं यंत्र, मला सगळ्या दुर्बिणीत सर्वांत प्रिय आहे.

वेबची बाकीची उपकरणं पाच थरांच्या सूर्यकवचाच्या सावलीतच ४० केल्विनपर्यंत (सुमारे उणे २३३ अंश सेल्सिअस) थंड होतात. मिरीचं त्यावर भागत नाही. तिचे आर्सेनिक मिसळलेल्या सिलिकॉनचे डिटेक्टर ७ केल्विनच्या खाली गेले नाहीत, तर उष्णतेमुळे त्यांच्यात आपोआप वाहणाऱ्या प्रवाहात खरा सिग्नल बुडतो.

आधीच्या दुर्बिणी हेलियमची टाकी बरोबर नेत. स्पिट्झरचं हेलियम मे २००९मध्ये संपलं आणि तिची लांब तरंगलांबीची निरीक्षणं बंद पडली. हर्शेलने दोन हजार लिटरहून जास्त हेलियम नेलं होतं. एप्रिल २०१३मध्ये ते उडून गेलं आणि तिचं निरीक्षणाचं काम तिथेच थांबलं. यंत्र धडधाकट असताना, केवळ गारवा सरला म्हणून.

मिरीत हेलियम बंद नळ्यांतून फिरत राहतं. पल्स ट्यूब, म्हणजे वायूच्या दाबाच्या ठोक्यांवर चालणारा शीतक, त्याला साधारण १८ केल्विनपर्यंत आणते, मग उपकरणाजवळच्या बारीक अडथळ्यातून ते प्रसरण पावतं आणि ६ केल्विनच्या आसपास पोचतं. मला खरी कमाल वाटते ती कंपनांच्या बंदोबस्ताची. काँप्रेसर यानाच्या गरम बाजूला ठेवलाय, थंड टोकापासून कित्येक मीटर दूर, आणि त्याचे पिस्टन जोडीने समोरासमोर हलत एकमेकांचे धक्के खोडतात. नाजूक मोजमापात पल्स ट्यूबचा ठोका उमटलेला ज्याने पाहिलाय, त्याला याची किंमत कळेल.

उणिवा आहेत. बांधणीत उशीर आणि खर्च दोन्ही वाढले. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर दुरुस्तीला कुणी जाणार नाही. १५ ते ६.४ केल्विनचा टप्पा तर सर्वांत अवघड. तिथे कूलरची ताकद आत शिरणाऱ्या उष्णतेपेक्षा जेमतेम जास्त असते. ७ एप्रिल २०२२ला तो पार पडला.

मध्य-अवरक्त उपकरणाला मी आता टाकी सुचवणार नाही. क्ष-किरणांचं काम मात्र वेगळं: एक्सरिझम या क्ष-किरण दुर्बिणीच्या डिटेक्टरना ०.०५ केल्विन लागतं. तिथे अशा कूलरवर चुंबकीय शीतकरणाची आणखी एक पायरी चढवावीच लागते.