१८६५ चं म्हणून गळ्यात मारलेलं घड्याळ

घड्याळाचे ४६,५०० रुपये, वर ‘वयाचा दाखला’ म्हणून २,८००. एकूण ४९,३०० रुपये मी स्वतःच्या हाताने मोजून दिले. लिहायची लाज वाटते. तरी लिहितोय, कारण तो माणूस सांगलीत अजून धंदा करतोय.

जुन्या वस्तूवाल्यांच्या गोष्टी तुम्हाला ठाऊकच आहेत. संस्थानिकांचा वाडा, भावाभावांच्या वाटण्या, पुण्याहून निघालेलं दुसरं गिऱ्हाईक. मलाही ठाऊक होत्या. पण २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरातलं वडिलांचं चावीचं टेबल-घड्याळ गेलं. पाणी ओसरल्यावर चिखलातून त्याचे तुकडे मीच वेचले. तशीच कमानदार लाकडी पेटी समोर दिसली, तसेच टोल कानावर पडले, आणि माझा हात खिशाकडे गेला. माझ्या जागी कोण थांबला असता सांगा.

यंत्राच्या पितळी पत्र्यावर आठ टोकांचा तारा, मध्ये ‘जे’. म्हणजे युंगहान्स, जर्मन घड्याळ कंपनी. विकणारा म्हणाला, “काका, १८६५ चा पीस आहे.” कंपनी १८६१ ची, एवढं तिथेच मोबाईलवर पाहिलं आणि मला पटलं. आणखी दोन मिनिटं वाचलं असतं तर कळलं असतं की आठ टोकांचा तारा कंपनीने १८९० ला नोंदवला. ताऱ्याखाली ‘मेड इन जर्मनी’ होतं. हे शब्द जर्मन मालावर यायला लागले ते इंग्लंडच्या १८८७ च्या कायद्यामुळे. अहो, १८६५ साली एकसंध जर्मनी तरी कुठे होती? ती १८७१ ची. हे मी शाळेत पाठ केलंय.

आणि ते स्क्रू. मी एकतीस वर्षं मिरजेच्या एमआयडीसीत फिटर होतो. त्याने मागचं दार उघडलं तेव्हा यंत्र पेटीला धरणारे चारही स्क्रू प्लसचे दिसले. अशा स्क्रूचं फिलिप्सचं पेटंट १९३६ चं. मी विचारलं, तो म्हणाला, “दुरुस्तीत बदललेत.” बदलतातही, म्हणून गप्प बसलो. तेव्हाच टॉर्च आत मारायला हवा होता! नंतर मिरजेच्या एका घड्याळजींनी यंत्र बाहेर काढून दाखवलं. जुनी भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली, शेजारी नवी पाडलेली. पेटी एकाची, यंत्र दुसऱ्याचं, मागचं दार नव्या प्लायचं, त्याला चहाच्या पाण्याचा रंग. त्यांनी किंमत केली फार तर ७,०००.

दाखला मात्र गुळगुळीत कागदावर, गोल शिक्क्यासह. विकणाऱ्यानेच दिलेल्या दाखल्याला कवडीची किंमत नसते. बिलावर सालाचा उल्लेख करून घ्या. माझ्या बिलावर त्याने नुसतं ‘जुने घड्याळ १ नग’ लिहिलं. रोख देऊ नका. माझे ५,००० फोनवरून गेले, त्याची नोंद आहे. बाकीचे ४४,३०० हवेत गेले.

पोलीस ठाण्यात तीन खेटे घातले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा म्हणाले, “घड्याळ चालतंय ना? मग फसवणूक कसली?” तिसऱ्यांदा, “ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” फसवणुकीचं कलम मीच कागदावर लिहून नेलं, भारतीय न्याय संहिता ३१८. तो कागद कुणी हातातही घेतला नाही. दीड तास बाकावर बसवून अर्जाची पोच दिली नाही. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंचा धंदा करायला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो. घड्याळ खरंच इतकं जुनं असेल तर याचा परवाना कुठाय, आणि जुनं नसेल तर मला खोटं सांगून विकलं की नाही? याचं उत्तर एकाही टेबलावर मिळालं नाही. ज्या त्या टेबलावरून पुढच्या टेबलाकडे बोट. माझं वय ६४ आहे. मी भीक मागायला गेलो नव्हतो.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, हे मला एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं. आधी कळलं असतं तर ठाण्यातले ते तीन दिवस वाचले असते. बिल, दाखला, स्क्रूंचे आणि बुजवलेल्या भोकांचे फोटो, घड्याळजींचं लेखी मत जोडून तक्रार दिली आहे. पेटीला हात लावण्याआधी फोटो काढा, नाहीतर समोरचा म्हणेल भोकं तुम्हीच पाडलीत. मला तो तसं म्हणालाच.

परवा त्याच्या दुकानावरून गेलो. काचेमागे तशीच कमानदार पेटी मांडलेली आहे, आणि चिठ्ठीवर साल १८६५.