जुन्या गाडीसाठी फुटावर मिळणारी सिलिकॉन प्लग वायर आणि ५ किलोओहमची कॅप: घ्यावी का?

पहिल्या पावसात पांदणीतून निघालेली गाडी मिस मारायला लागली की गावात इलाज ठरलेला असतो. आधी प्लग बदलायचा, मग कार्बोरेटर खोलायचा, तरी नाही जमलं तर सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारा इलेक्ट्रॉनिक डबा, नवा टाकायचा. ठिणगीसाठी जास्त व्होल्ट तयार करणारी कॉईल आणि प्लग यांच्यामधली हातभर वायर मात्र कोणी पाहत नाही. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या सीडी १००, स्प्लेंडर, बॉक्सर, आरएक्स १००, राजदूत किंवा बुलेटवर दोष बऱ्याचदा तिथंच असतो. तालुक्याच्या ऑटो पार्टच्या दुकानात रिळावरून कापून मिळणारी ७ मिमीची सिलिकॉन वायर आणि ५ किलोओहमची कॅप (प्लगवर बसणारं, आत रेझिस्टर असलेलं बूच) हा त्यावरचा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. अट एकच: घेताना वायरचं कापलेलं टोक नीट बघून घ्यायचं.

आपल्याकडे ही वायर लवकर संपते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात खालून इंजिनची धग. रबर कडक होतं आणि वाकलेल्या जागी केसाएवढे तडे पडतात. मग पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टाकीखाली उडून बसतो आणि ओल धरून ठेवतो. गाडीवरून खताची पोती नेली तर सांडलेले दाणेही पाणी ओढतात. घरात कापूस भरलेला असेल आणि गाडी त्याच खोलीत उभी राहत असेल तर उंदरांचे दात वेगळेच.

या वायरमधून दहा हजार व्होल्टच्या वर दाब जातो. तडा सापडला की करंट प्लगपर्यंत जाण्याऐवजी इंजिनच्या जवळच्या फिनवर (थंडाव्यासाठीच्या पात्यांवर) किंवा चेसिसवर उडी मारतो. न्यूट्रलमध्ये गाडी नीट चालते आणि दोन पोती लादून चढ चढताना झटके मारते, त्याचं कारण हेच. ॲक्सिलरेटर पिळला की सिलिंडरमधला दाब वाढतो, प्लगच्या फटीत ठिणगी पडायला जास्त व्होल्ट लागतात, आणि तेवढ्या व्होल्टला तड्यातून निसटणं सोपं जातं.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. रात्री अंधारात गाडी चालू करून उभी ठेवा आणि वायरवर, कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारा. कपड्यांना इस्त्री करताना वापरतात ती बाटली चालते. फवारणीचा पंप नको, त्यात औषधाचा अंश असतो. गळती असेल तर वायरवरून इंजिनकडे निळी रेघ टकटक आवाज करत उडताना स्पष्ट दिसते. त्या वेळी वायरला हात लावू नका.

आता वायर. दुकानदार रिळावरून कापून देतो तेव्हा ते टोक उजेडात धरा. मधोमध बारीक तारांचा पीळ हवा. त्या पांढऱ्या दिसल्या तरी घाबरू नका, चांगल्या तांब्याच्या तारेवर कथलाचा मुलामा असतो. ब्लेडने खरवडा, आत लाल तांबं दिसायला हवं. चुंबक चिकटला तर ती लोखंडी तार आहे, परत द्या. तारा अगदी मध्यभागी आहेत का तेही पाहा. पीळ एका बाजूला सरकलेला असेल तर त्या बाजूचं रबर पातळ राहतं आणि गळती तिथूनच सुरू होते. सिलिकॉन ओळखायला काडेपेटी पुरते. छोटा तुकडा जाळला की सिलिकॉनची पांढरी राख होते. पीव्हीसी वितळून काळा धूर सोडतं, आणि पीव्हीसीची वायर आपल्या उन्हाळ्यात इंजिनजवळ टिकत नाही.

कारची कार्बनची वायर कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. मोटारसायकलच्या कॅपमध्ये लाकडात मारायच्या स्क्रूसारखा टोकदार स्क्रू असतो, तो तांब्याच्या तारांत घुसून पकड घेतो. कार्बनच्या दोऱ्यात त्याला पकड मिळत नाही, जोड आतल्या आत जळतो. जाडी ७ मिमीच घ्या. ५ मिमीच्या वायरवर कॅपचं रबर सैल बसतं आणि पाणी आत जातं, ८ मिमीची सहज आत शिरत नाही. एक सिलिंडरच्या गाडीला दोन फूट पुरते. राजदूत ३५० ला दोन सिलिंडर, म्हणून दोन वायरी.

कॅप घेताना किंमत बघून हात आखडू नका. वायर चांगली असून कॅप हलकी घेतली तर सगळी मेहनत वाया. एनजीकेच्या कॅपच्या नंबरात, उदाहरणार्थ एलबी०५एफमध्ये, ०५ म्हणजे ५ किलोओहम. दुकानातच मल्टीमीटर लावून पाहा: ५ च्या आसपास आकडा यावा. काहीच दाखवलं नाही तर आतला रेझिस्टर तुटलेला आहे. शून्य आलं तर ती बिनरेझिस्टरची कॅप, सीडीआयच्या गाडीला घेऊ नका. तिच्या ठिणगीच्या विजेच्या खरखरीने सीडीआयला त्रास होऊ शकतो. नावात आर असलेला प्लग वापरत असाल तर त्याचा रेझिस्टर कॅपच्या आकड्यात मिळतो. बहुतेक गाड्यांना फरक पडत नाही, पण पॉइंटच्या (सीडीआय नसलेल्या) जुन्या गाडीला, जिचा स्पार्क आधीच मंद आहे, तिथे दोन्ही एकत्र नकोत.

आणखी एक, जे हमखास चुकतं. प्लगच्या टोकावर छोटा नट असतो. काही कॅप नुसत्या आट्यांवर बसतात, काही नटावर. नट लागतो तिथे काढून टाकला की कॅप वरून बसल्यासारखी दिसते पण आत लटकत राहते, आणि तिथे ठिणग्या पडून काळं होतं. नवी कॅप ‘टक’ असा आवाज करून बसली पाहिजे.

विकत घेण्याआधी आपल्या कॉईलचं तोंड पाहून या. रबरी टोपी मागे सरकवली आणि वायर डावीकडे फिरवल्यावर सुटू लागली, किंवा तिला प्लास्टिकचा आट्याचा नट आहे, तर हा माल तुमच्यासाठी. वायर कॉईलमध्ये ओतून पक्की केलेली असेल तर ती ओढून काढायच्या भानगडीत पडू नका, कॉईल जाईल. त्या गाडीला दोनच रस्ते: लांबी पुरत असेल तर कॅपकडचं टोक सेंटिमीटरभर कापून नुसती नवी कॅप लावा, नाहीतर वायरसकट पूर्ण कॉईल घ्या. मधे जोड देऊन टेप गुंडाळलेली वायर पहिल्या पावसात पुन्हा मिस मारते.

बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन थंड, चावी बंद, पेट्रोलचा कॉक बंद. कॉईल टाकीखाली असेल तर टाकी उतरवा. कॅप वायरला धरून ओढू नका, कॅपलाच धरून फिरवत काढा. प्लग खोलणार असाल तर आधी भोवतालची माती फुंकून काढा, नाहीतर खडा सिलिंडरमध्ये जातो. कॉईलच्या तोंडात हिरवा थर चढलेला असला तर पॉलिश पेपरची बारीक गुंडाळी फिरवून पितळ चमकेपर्यंत साफ करा. नवी वायर जुनीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर लांब ठेवा. ब्लेडने एका फटक्यात सरळ कापा. पक्कडीने कापली तर तारा चेपतात आणि स्क्रू बाजूने घुसतो. वायर आत घालण्याआधी रबरी टोपी वायरवर ओवून घ्या, हे विसरलं की सगळं परत खोलावं लागतं. मग वायर मधोमध टेकवून उजवीकडे दाबत फिरवा, अडेपर्यंत. हलकं ओढून पाहा, सुटायला नको. कॅपही तशीच फिरवायची. दोन्ही टोप्यांच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. चाकाचं साधं ग्रीस रबर फुगवतं.

वायर नेताना फिनला टेकू देऊ नका आणि इतर वायरींच्या जुड्यात बांधू नका. कॉईलपासून थोडी खाली झुकून मग प्लगकडे जाऊ द्या, म्हणजे पाणी तोंडाशी न जाता खालून ठिबकतं. टाकी बसवताना ती चेपत नाही ना, एकदा हात घालून बघा.

स्पार्क तपासताना प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंड हेडच्या उघड्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर. तिथून पेट्रोलची वाफ येते. कॅप हवेत लटकवून किक मारू नका, करंटला वाट मिळाली नाही की कॉईल किंवा सीडीआयवर ताण येतो. जाड निळी ठिणगी चांगली. बारीक नारिंगी दिसली तर कॅप काढून कॉईलचा आकडा मल्टीमीटरवर घ्या, मग कॅपसकट घ्या. दोन्हींत ५ किलोओहमच्या आसपास फरक हवा. कॅपसकट काहीच येत नसेल आणि कॅपशिवाय येत असेल तर कॅपचा स्क्रू तारांत गेलेला नाही. पाच मिलिमीटर कापून पुन्हा फिरवा. म्हणूनच ती चार-पाच सेंटिमीटरची जास्तीची लांबी.

सिलिकॉन वायरीत एक खोट आहे: ती मऊ असते, उंदीर तिला रबरापेक्षा लवकर कुरतडतो आणि धारदार कडेला घासली की चिरते. जिथे ती चेसिसजवळून जाते तिथे वरून जुन्या पेट्रोल पाइपचा चिरलेला तुकडा चढवा. एवढं सोडलं तर दहापैकी साडेआठ. कॅप चांगली निवडली तर नऊ.

पाणी मारल्यावर निळी रेघ दिसत नाही आणि गाडी तरीही फक्त पावसातच बंद पडते, असं असेल तर ही वायर घेऊ नका. आधी एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण आणि मॅग्नेटकडून येणाऱ्या वायरींचे कपलर उघडून वाळवा.