लडाखला निघण्यापूर्वी झालेले ‘फुल इंजिनकाम’

पुण्याहून मनालीमार्गे लेहला जाण्यासाठी माझ्या २०१३ च्या रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५० या मोटरसायकलचे इंजिन मी एका गॅरेजात दिले. त्या कामाचे २९,००० रुपये घेतले गेले आणि प्रत्यक्षात इंजिन उघडलेसुद्धा गेले नाही. जुन्या गाडीवर लांबचा प्रवास आखणाऱ्यांना ही फसवणूक नेमकी कशी होते ते कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

या गाडीचे उत्पादन २०२० मध्ये थांबले असले, तरी तिची २० लिटरची टाकी या मार्गावर फार उपयोगी पडते. कारण मनालीच्या पुढचा तांदी गावाचा पेट्रोलपंप सोडला की पुढे ३६५ किलोमीटर पंप नाही, असा फलकच तिथे लावलेला आहे. मात्र गाडी सत्तर हजार किलोमीटरच्या पुढे गेली होती, ओढ कमी झाली होती आणि कार्ब्युरेटरची गाडी ५,३२८ मीटर उंचीच्या टांगलांग ला खिंडीत विरळ हवेमुळे आधीच दमते. म्हणून बोअरिंग (झिजलेला सिलेंडर आतून किंचित मोठा कातून घेणे), नवे पिस्टन-रिंग, व्हॉल्व्हचे काम आणि क्लच प्लेट असे सगळे एकदाच करून घ्यायचे ठरले.

गॅरेजवाल्याने पहिल्याच भेटीत निघण्याची तारीख विचारून घेतली. मग आज देतो, उद्या देतो करत त्याने गाडी ताब्यात दिली, तेव्हा निघायला जेमतेम आठवडा उरला होता. अशा घाईत कोणी हेड, म्हणजे सिलेंडरवरचे झाकण, खोलून पाहत नाही, आणि पुढे दोन हजार किलोमीटरवर इंजिन जाम होऊन बसले तर माणूस उंचीला, पेट्रोलला नाहीतर स्वतःच्या चालवण्याला दोष देतो, हा त्याचा हिशेब असावा. सुट्ट्या मंजूर झालेल्या, सोबतीही ठरलेले. एवढ्या तयारीनिशी आलेले गिऱ्हाईक भांडायला थांबत नाही, हे त्याला ठाऊक होते.

गाडी बाहेरून मात्र देखणी झाली होती. इंजिनच्या कव्हरांना ताजा रंग, नवे चकचकीत बोल्ट आणि हेडच्या सांध्याला लावलेले सिलिकॉन असे सर्व काही जागच्या जागी होते. जुने पिस्टन मागितले तेव्हा ‘भंगारात गेले’ असे उत्तर आले. नव्या सुट्या भागांची खोकी मागितली, तर माल दिल्लीच्या करोल बागेतून सुटा मागवला, असे सांगण्यात आले. वास्तविक या गाडीचे ३४६ सीसीचे इंजिन जुन्या क्लासिक ३५० मध्येही असल्याने त्याचे सुटे भाग पुण्यात सहज मिळतात. दिल्लीपर्यंत जायचे कारणच नव्हते. सर्वांत खटकले ते त्याचे शेवटचे वाक्य : “रनिंगची काही गरज नाही साहेब, बिनधास्त पळवा.” बोअरिंग केलेले इंजिन पहिले काही शे किलोमीटर सांभाळून चालवावे लागते, हे कोणताही जाणता मेकॅनिक आपणहून सांगतो.

म्हणून सामान लादून वाईमार्गे पसरणी घाट चढून पाहिला. उतारावर ॲक्सिलरेटरची मूठ सोडून पुन्हा पिळली की सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता, म्हणजे ऑइल जळत होते. महाबळेश्वरला गाडी मधल्या स्टँडवर लावून पाहिले, तर इंजिनच्या उजव्या बाजूच्या, ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेत ऑइल खालच्या खुणेपर्यंत उतरले होते. साताऱ्यातील दुसऱ्या मेकॅनिकने माझ्यासमोर हेड खोलले. बिलात ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठे, पिस्टन लिहिले होते. असा आकडा पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला असतो. इथे माथ्यावर काजळीचा जाड थर होता आणि तो खरवडल्यावर खाली आकडा नव्हताच. ताज्या बोअरमध्ये दिसणाऱ्या बारीक तिरप्या रेघांऐवजी सिलेंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत होती आणि तिच्यावर उभे ओरखडे होते. बिलातला ‘नवा’ मागचा टायरही तसाच निघाला : त्याच्या कडेवरचा चार आकड्यांचा शिक्का ३४१८, म्हणजे २०१८ सालच्या चौतिसाव्या आठवड्यातला.

बोअरिंग बहुतेक गॅरेजांत होत नाही, सिलेंडर लेथवाल्याकडे, म्हणजे यंत्रावर कातकाम करणाऱ्याकडे, पाठवावा लागतो. त्यामुळे कोणत्या लेथवर काम झाले हा प्रश्न फार उपयोगी ठरतो. आमच्या गॅरेजवाल्याने सांगितलेल्या लेथवाल्याने असा सिलेंडर आपल्याकडे आलाच नसल्याचे स्पष्ट सांगितले. कामाआधी सिलेंडरच्या आतल्या बाजूचा फोटो, लेथचे वेगळे बिल आणि जुने भाग परत, या अटी ज्या गॅरेजला जड वाटतात तिथे गाडी देऊ नये, आणि निघण्याची तारीख तर मुळीच सांगू नये.

हाती जीएसटी क्रमांक नसलेले कच्चे बिल होते, पण पैसे यूपीआयने दिले होते आणि कामाची यादी त्याने मोबाइलवर लिहून पाठवली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवून नंतर वकिलाची नोटीस पाठवली, तेव्हा त्याने मजुरी परत केली. सुट्या भागांचे आणि टायरचे पैसे तो अजून देत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. साताऱ्यात खरे बोअरिंग होऊन गाडीचे रनिंग सध्या सुरू आहे आणि लेहचा बेत सप्टेंबरवर ढकलला आहे.