लॉक नसलेली गाणी म्हणून ₹४,७२० घेतले

आधी ₹३,५४०, मग वर ₹१,१८०. एकूण ₹४,७२० गेले. 'गाणी कायमची तुमची, कुठलंही लॉक नाही, फ्लॅक दर्जा' म्हणणाऱ्या एका वेबसाइटवरून मी शास्त्रीय गायनाचे अल्बम घेतले होते. लॉक म्हणजे कॉपी करायला किंवा दुसऱ्या यंत्रावर वाजवायला आडकाठी; फ्लॅक म्हणजे मूळ आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल.

फुकटच्या मोहाने गेलो नव्हतो. फुकटचं टेलिग्रामवर ढिगाने पडलंय. आणि असा धंदा खोटाच असतो असंही नाही. आयट्यून्सने २००९ मध्येच गाण्यांवरचं लॉक काढलं, बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर आजही फ्लॅक मिळतं. फ्लिपकार्टचं 'फ्लाइट' हे गाण्यांचं ऑनलाइन दुकान २०१३ मध्ये बंद पडलं, तरी तिथून घेतलेल्या एमपीथ्री माझ्याकडे वाजतात. मग का नाही विश्वास ठेवायचा?

पण तो क्यूआर! स्कॅन केल्यावर दुकानाच्या जागी कुणा माणसाचं नाव आलं. दिसलं मला. पण नागपूरच्या इतवारी बाजारात कितीतरी दुकानदार स्वतःच्याच नावावर पैसे घेतात, म्हणून पिन टाकला. मग गाण्यांची झिप फाइल उघडेना. 'लायसन्स की'चे ₹१,१८० भरा म्हणे. ज्या मालाला लॉकच नाही, त्याला किल्ली कशाची? नेमकं तिथेच थांबायचं होतं. पण आधीचे पैसे अडकलेले, आणि समोरचा 'दादा, दादा' करत अस्सल नागपुरी बोलत होता.

तेही भरले, झिप उघडली, आणि फायली 'स्पेक' या आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या. १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं, म्हणजे वरचा बारीक आवाज गाळलेला. हलकी एमपीथ्री, तिलाच फ्लॅकचं नाव. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजारव, पार मेलेली. पैसे देण्याआधी एक नमुना मागून तपासाच.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला, आता पोलिसांकडे जा. ठाण्यातले म्हणतात, रक्कम छोटी आहे, बँकेकडे जा. एकाने तर तोंडावर विचारलं, "गाणी यूट्यूबवर फुकट असताना विकत घेतलीच कशाला?" म्हणजे प्रामाणिकपणे पैसे मोजणारा गुन्हेगार! अर्ज घेतला, पण पोच द्यायला साहेब जागेवर नाहीत. साहेब कधी येणार, तेही कुणी सांगेना. समोर बसायला खुर्ची होती, तीही फाइलींनी भरलेली.

पैसे गेले की त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, ठाण्याची वाट पाहू नका. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक जपा. बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजा, १५ अक्षरं हवीत. माझ्या बिलावर १३ होती, आणि १८ टक्के कर मात्र दोन्ही वेळा चोख लावला होता. तो कर कुणाच्या खिशात गेला, हे विचारणारा दुसरा अर्ज आता तयार आहे.