हापूसची विकिरणित पेटी: डझनभर आंबे खाल्ल्यानंतर

न्यू जर्सीतील एका भारतीय किराणा दुकानातून मे महिन्यात हापूसची डझनाची पेटी आणली. पेटीवरचे विकिरणाचे हिरवे गोल चिन्ह पाहून माझ्यासोबत आलेल्या काकूंनी ती घेण्याचे टाळले, म्हणून सविस्तर लिहितो.

भारतीय आंबा 2007 पासून अमेरिकेत येऊ लागला तो विकिरणाच्या, म्हणजे फळातली कीड पसरू नये म्हणून त्यावर किरण सोडण्याच्या, अटीवरच. पेटीबंद फळे कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांसमोरून नेतात आणि त्यांना किमान 400 ग्रे (शोषलेल्या किरण-ऊर्जेचे एकक) मात्रा देतात. एवढ्या ऊर्जेने आंबा जेमतेम 0.1 अंश सेल्सिअसने तापतो. मात्र ही ऊर्जा उष्णतेसारखी सर्वत्र सारखी पसरत नाही, ती एकेका रेणूवर एकवटते, त्यातला इलेक्ट्रॉन उडवून लावते आणि बंध तुटतो. फळात पाणीच अधिक असल्याने मुख्यतः पाण्याचे रेणू फुटतात, आणि त्यातून निघालेले हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे रेणूचे अतिशय क्रियाशील तुकडे, क्षणार्धात शेजारच्या रेणूंवर तुटून पडतात. तरीही दहा लाख पाण्याच्या रेणूंमागे पाचसुद्धा फुटत नाहीत. साखरेचे रेणू अगणित असतात, त्यातले थोडे गेले तरी गोडी तीच राहते; किड्याच्या पेशीत मात्र डीएनएच्या मोजक्याच लांबलचक साखळ्या असतात आणि त्यातल्या काही दोन्ही पदरांत तुटल्या, तर पेशीचे विभाजनच अडते. फळ स्वतः किरणोत्सारी होत नाही, कारण 1.17 आणि 1.33 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे हे किरण अणुकेंद्रात तसा बदल घडवू शकत नाहीत.

सातव्या आंब्याचा बाठा फोडला तेव्हा आत एक काळपट भुंगा संथपणे पाय हलवत होता. घरात आरडाओरडा झाला, पण हा प्रक्रियेतला दोष मानू नये. या मात्रेत किडा लगेच मरतोच असे नाही. तो वांझ होतो, आणि नव्या मुलखात कीड पसरू नये म्हणून तेवढे पुरते.

चवीबद्दल समाधान आहे. गर केशरी, रेषा नाहीत, साल कोठेही भाजल्यासारखी काळवंडलेली नाही. गवताच्या अढीतला दरवळ मात्र नव्हता. त्याचे कारण मला विकिरणापेक्षा लवकरची तोड आणि शीतपेटीतला प्रवास हेच वाटते. दोन फळांत साका, म्हणजे गराचा पांढरट, स्पंजासारखा झालेला भाग, निघाला. साका झाडावरच धरतो, किरणांचा त्याच्याशी संबंध नाही. पण एवढी किंमत मोजल्यावर दुकानदाराने ती दोन फळे बदलून द्यायला हवी होती, ती त्याने दिली नाहीत.