वसईची मिस्सा की नगरची उपासना? लग्न ठरलेल्या दोघांसाठी

माझं माहेर नगरचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चच्या मंडळीतलं. सासर वसईचं, कॅथलिक. त्यामुळे नात्यात असं लग्न जुळलं की दोन प्रश्न माझ्याकडे हमखास येतात: रविवारी जायचं कुठे आणि मुलांचा बाप्तिस्मा करायचा कुठे?

आधी देवाबद्दल बोलते, कारण घरच्यांच्या मनात खरी धास्ती तीच असते. ‘त्यांचा देव आपलाच ना?’ हो, आपलाच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव. येशू पित्याशी एकतत्त्व आहे, ही ३२५ साली निकेयाच्या परिषदेत मांडलेली श्रद्धा दोन्हीकडे कबूल केली जाते. म्हणूनच पाण्याने आणि त्र्येक देवाच्या नावाने झालेला बाप्तिस्मा दोघेही एकमेकांचा मानतात. लग्नासाठी पुन्हा बाप्तिस्मा घे असं कुणी म्हणालं, तर ते ऐकायची गरज नाही.

फरक पडतो तो हा देव आपल्याला भेटतो कुठे, यात.

वसईच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं की वेदीजवळ एक छोटा दिवा तेवताना दिसतो. तिथल्या पेटीत ख्रिस्तप्रसाद ठेवलेला असतो. सासूबाई कितीही घाईत असोत, त्या दिशेला गुडघा टेकल्याशिवाय बाकावर बसत नाहीत. मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, ही त्यांची श्रद्धा. बाकीचं सगळं तिच्याभोवती उभं आहे. शिवाय पवित्र मरिया आणि संत हे जणू घरचेच. संत गोन्सालो गार्सिया तर वसईचेच: इथे जन्मले, १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारले गेले, १८६२ साली संत घोषित झाले. मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापाशी जमून जपमाळ म्हणताना सुरुवातीला मी गप्प उभी राहायचे. आराधना फक्त देवाची, संतांना मात्र ‘आमच्यासाठी विनवा’ एवढंच म्हणायचं, हे मनात उतरायला मला दोन-तीन वर्षं लागली.

नगरच्या आमच्या मंडळीत मेज साधं, त्यावर उघडलेलं बायबल. इथे देव वचनातून भेटतो. उपदेश लांब, आणि प्रार्थना ज्याची त्याच्या शब्दांत. माझी आजी उभी राहून पावसासाठी, गाभण गायीसाठी, शेजारणीच्या गुडघ्यासाठी मोठ्याने मागायची आणि पाळकसाहेब डोळे मिटून ‘आमेन’ म्हणायचे. देवाशी असं बोलता येतं, हे मी तिच्याकडून शिकले. त्यात पुन्हा नारायण वामन टिळकांची भजनं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलं. पेटी आणि टाळांवर ते भजन सुरू झालं की माझा अजून कंठ दाटून येतो. देव माउली आहे, हे नगरकडून मुलांना मिळावं असं मला मनापासून वाटतं.

मात्र मराठीपण फक्त आमचंच, असं आमच्यातले काही म्हणतात ते खरं नाही. कॅथलिक फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ सालचं. आमचं प्रॉटेस्टंटांचं अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ साली. मिस्सा लॅटिनमधून मराठीत यायला १९६०च्या दशकातली कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद व्हावी लागली, एवढं खरं.

बायबल कॅथलिकांचं ७३ पुस्तकांचं, आमचं ६६. पाळक संसारी असतो आणि स्त्रीही पाळक होऊ शकते, फादर अविवाहित. रोजच्या जगण्यात याने फारसं अडत नाही.

अडतं ते मेजापाशी, भाकर आणि द्राक्षारस घ्यायची वेळ आली की. वसईत मी रांगेत जाते, हात छातीवर घेते, फादर आशीर्वाद देतात आणि मी ख्रिस्तप्रसाद न घेता परत येते. नवरा नगरला आला की आमची मंडळी त्याला बोलावते, पण त्याच्या चर्चच्या नियमाने तोही घेत नाही. हे दुखतं. लग्नाआधी हे दोघांनी एकमेकांना सांगितलेलं बरं.

दुसरं म्हणजे नियम. अशा लग्नाला बिशपांची परवानगी लागते. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा आपल्याकडून होईल तितका प्रयत्न करीन, असं वचन कॅथलिक जोडीदार देतो. दुसऱ्याला वचन द्यावं लागत नाही, पण त्याला हे कळवलं जातं. हॉल ठरवायच्या आधी फादरांना आणि पाळकांना भेटा.

माझं मत विचाराल तर मुलांचं चर्च एकच ठेवा. एक रविवार इकडे, एक तिकडे असं केलं की मूल दोन्हीकडे पाहुणं राहतं. दोघांपैकी ज्याची प्रार्थना रोजची आहे, त्याच्या चर्चला जा. दोघांचीही सारखीच असेल तर मी वसईकडे झुकेन, कारण दिलेल्या वचनाचा भार आयुष्यभर मनावर राहतो. संध्याकाळची प्रार्थना मात्र आजीसारखी, स्वतःच्या शब्दांत. आमच्या घरी तसंच चालतं.

वाद टाळायला काही जोडपी तिसरीच एखादी नवी सभा धरतात. तिथे जाण्याआधी बाप्तिस्मा कोणाच्या नावाने देता, हे विचारा. काही गट त्रैक्य मानत नाहीत, आणि मग प्रश्न चर्चचा राहत नाही, देवाबद्दलच्या श्रद्धेचाच होतो.

ठरवण्याआधी दोन्हीकडे निदान महिनाभर जाऊन बसा. नगरला जाताना प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा, रविवार विचारून घ्या. बऱ्याच मंडळ्यांत तो महिन्याचा पहिला असतो.