नवी मुंबईत सायकल कुठे चालवायची: पाम बीच, खारघर टेकडी, देहरंग की कर्नाळा?

नवीन सायकल घेतलेला माणूस पहिल्यांदा किलोमीटर विचारतो, किती लांब आहे, मला जमेल का. मी गेली सात वर्षं नेरुळहून सायकल चालवतोय आणि माझं म्हणणं एवढंच की किलोमीटर नंतर बघा, आधी परतीचा रस्ता बघा. पहाटे साडेपाचला निघताना सगळेच रूट छान वाटतात, रस्ता मोकळा, हवा गार, पाय ताजे. खरा हिशोब साडेनऊ-दहाला लागतो, जेव्हा डोक्यावर ऊन असतं, बाटलीतलं पाणी गरम झालेलं असतं आणि ट्रॅफिक जागं झालेलं असतं. त्यात आपल्याकडे खारे वारे. शाळेत भूगोलात शिकलो होतो ना, पहाटे मतलई वारे आणि ऊन चढलं की समुद्राकडून खारे वारे, ते सायकलवर बसल्यावर अंगाने कळतं. फेब्रुवारी ते मे तर जास्तच. पनवेलकडून बेलापूरकडे परत येताना हा वारा नेमका तोंडावर असतो आणि जाताना ज्या रस्त्यावर २५ चा स्पीड सहज मिळाला तिथेच १७ साठी धडपडावं लागतं. म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं परतीच्या हिशोबाने.

अगदी नवखे असाल, किंवा बरेच वर्षांनी सायकलवर बसताय, तर सगळे पाम बीच सांगतील. वाशीच्या अरेंजा कॉर्नरपासून बेलापूरच्या किल्ला जंक्शनपर्यंत साधारण दहा किलोमीटर, रस्ता सपाट आणि गुळगुळीत, एका बाजूला खाडी आणि खारफुटी. जाऊन येऊन वीस झाले की पहिल्याच आठवड्यात आत्मविश्वास येतो, हे खरंच आहे. पण मी नवख्या माणसाला एकट्याने तिथे पाठवत नाही. तो रस्ता गाड्यांसाठी बनलाय, सहा लेन, लांब सरळ पट्टे, आणि पहाटे रिकामा दिसला की गाडीवाले अक्षरशः उडवत नेतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहाटे सहाच्या आतच नेरुळजवळ टॅक्सीच्या धडकेत एका ज्येष्ठ सायकलस्वाराचा जीव गेला. ते अनुभवी होते, ग्रुपबरोबर होते, तरीही. तेव्हापासून माझा नियम आहे की पाम बीचवर उजाडल्याशिवाय चाक टाकायचं नाही, मागचा लाल लाइट दिवसाही चालू, आणि शनिवार-रविवारची भल्या पहाटेची वेळ तर टाळायचीच, रात्र जागवून परतणाऱ्या गाड्या त्याच वेळी असतात.

याच्यासमोर खारघरचे आतले रस्ते ठेवा. उत्सव चौकातून निघायचं, सेंट्रल पार्कला वळसा, पुढे गोल्फ कोर्सच्या बाजूने, समोर डोंगर, आणि वाटेल तितके फेरे. दृश्य पाम बीचइतकं मोकळं नाही, सिग्नल आणि स्पीडब्रेकर आहेत, लय तुटते. पण गाड्यांचा वेग कमी, आणि कुठेही दमलात तरी घर चार-पाच किलोमीटरवर, म्हणजे परतीचा प्रश्नच मिटला. माझी ताई चाळिशीत सायकल शिकली ती इथेच, आणि भाचा अकरा वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा रस्त्यावर आणलं तेही इथेच. लहान मुलं बरोबर असतील किंवा ब्रेक-गिअरचा हात अजून बसला नसेल तर डोळे झाकून खारघर. दोन-तीन महिने झाले, मागे वळून बघताना हँडल डगमगत नाही असं झालं, की मग पाम बीच.

आणि पाम बीचला जाच, कारण फ्लेमिंगो. हिवाळ्यापासून मेपर्यंत ठाणे खाडीत ते असतात, ही खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. नेरुळला टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीत ते हमखास दिसतात असं लोक सांगतात आणि मग दोनदा जाऊन रिकामं पाणी बघून येतात. त्याचं कारण भरती. ओहोटीला पक्षी खाडीतल्या चिखलात चरायला जातात, भरतीने चिखल बुडाला की आत पाणथळीत येऊन बसतात. तेव्हा भरतीचं टाइमटेबल बघून निघा. एका एप्रिलच्या सकाळी मी कठड्याला सायकल टेकवून अर्धा तास उभा होतो, सगळे एका पायावर, माना पंखात खुपसलेल्या, आणि मधूनच एखादा पंख पसरायचा तेव्हा आतला गडद गुलाबी रंग दिसायचा. राइड त्या दिवशी बारा किलोमीटरचीच झाली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आता चढ. इथे तीन पर्याय आहेत आणि लोक ते एकाच मापात मोजतात, ते चुकीचं आहे. बेलापूरची पारसिक हिल छोटी आहे, वर महापौर बंगला आणि घरं, रस्ता चांगला, आणि वरून खाडी दिसते. चढ पहिल्यांदा दम काढतो पण संपतो लवकर. नवख्याने गिअर शिकायला ही टेकडी घ्यावी, चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करायचा, मध्येच दाब देऊन बदलला तर चेन कुरकुरते नाहीतर उतरते, हे इथे तीन-चार चकरांत हाताला कळतं.

खारघर टेकडी वेगळीच गोष्ट. खालपासून वरपर्यंत पाचेक किलोमीटर, वर चाफेवाडी आणि फणसवाडी हे आदिवासी पाडे, आणि एका वळणानंतर सगळं खारघर पायाखाली येतं. चढ एकसारखा नाही, मध्ये सपाट पट्टा येतो, तिथे श्वास जुळवायचा आणि पाणी प्यायचं. सावली जवळजवळ नाही म्हणून मार्चनंतर आठच्या आत खाली उतरलेलं बरं. पण माझ्या मते इथे चढापेक्षा उतार कठीण आहे. वळणांवर बारीक खडी साचते, कुत्री मध्ये येतात, आणि पाड्यातल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन याच रस्त्याने खाली येतात, त्यांना मागून सायकलचा आवाज येत नाही. एकदा माझ्या पुढच्या ब्रेकचे पॅड झिजले होते, मला वाटलं अजून एक रविवार चालतील. तिसऱ्या वळणावर लिव्हर पार हँडलला टेकला, रिमला धातू घासल्याचा कर्र आवाज आला आणि मी मागच्या ब्रेकवर कसाबसा कडेच्या मातीत जाऊन थांबलो, पाय थरथरत होते. तिथून चालत खाली आलो. तेव्हापासून टेकडीच्या आदल्या रात्री पॅड बघितल्याशिवाय झोपत नाही, त्यावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की बदलायचे, दोन-तीनशे रुपयांचं काम आहे.

ठाण्याकडे राहत असाल तर खारघरला कशाला येताय, तुमच्याकडे येऊर आहे. उपवन तलावापासून वर वनखात्याच्या गेटमधून चढ सुरू होतो, लांबी खारघर टेकडीपेक्षा कमी आणि दोन्ही बाजूंना झाडी, त्यामुळे उन्हाचा त्रास नाही. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्यांचा वावर आहे, म्हणून पूर्ण उजाडल्यावर जायचं आणि अंधार पडायच्या आत खाली यायचं. आठवड्यातून तीनदा सराव करायचा असेल तर मी येऊरला जास्त मार्क देईन. दृश्य हवं असेल तर खारघर.

ज्यांना वीस-पंचवीस किलोमीटर सहज जमतात आणि आता पन्नासचा टप्पा गाठायचाय त्यांची खरी पंचाईत देहरंग (पनवेलजवळचं गाढेश्वर धरण) की कर्नाळा अशी होते. दोन्ही नेरुळहून जाऊन येऊन साधारण ५५, दोन्हीकडे डोंगर, मॅपवर बघाल तर फरक कळणार नाही.

कर्नाळ्याला पनवेल, पळस्पे फाटा आणि मग गोवा हायवे. रस्ता रुंद, चढ हलका, खिंडीच्या जवळ येताच दोन्ही बाजूंना अभयारण्याची झाडी आणि वर किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. रोड बाईकवाल्यांना, म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकलवाल्यांना हा आवडतो कारण टायर बारीक असला तरी चालतं, लय लागते, आणि हायवेला मिसळ-वडापाव कुठेही मिळतो. पण परतताना पळस्पेला बंदराकडे जाणारे ट्रेलर, अलिबागच्या गाड्या, सगळं एकत्र येतं, आणि शनिवारी सकाळी तर आख्खी मुंबई कोकणात निघालेली असते. जायचंच तर रविवारी, आणि नऊच्या आत पळस्पे मागे टाकायचं. हायवेच्या कडेला अजून एक त्रास आहे जो कोणी आधी सांगत नाही, ट्रकचे टायर फुटतात त्यातल्या केसासारख्या बारीक तारा कडेला पडलेल्या असतात आणि त्या टायरमध्ये घुसतात. ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटरवर परत खाली, कारण तार टायरमध्येच असते. बोट आतून फिरवून शोधायची आणि काढायला छोटा चिमटा लागतो, मी तो पंक्चर किटमध्येच ठेवतो.

देहरंगला पनवेलपर्यंत तेच, फक्त कळंबोलीचं जंक्शन टाळून कामोठे, खांदा कॉलनीतून आतून जा, दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. मग माथेरान रोड, सुकापूर, नेरे. सुकापूरपर्यंत बांधकामं, डंपर, धूळ, तोपर्यंत वाटतं की कुठे आलो. पण नेऱ्याचं शांतिवन मागे पडलं की रस्ता बारीक होतो, दोन्ही बाजूंना शेतं, समोर माथेरानचा आडवा कडा, उजवीकडे प्रबळगड. सूर्य त्या कड्याच्या मागून वर येतो, म्हणून बाकी सगळीकडे ऊन पडलेलं असलं तरी इथे अजून सावली असते, हिवाळ्यात तर शेतांवर धुकं बसलेलं असतं आणि गोठ्यातल्या धुराचा वास येतो. पुढे गाढेश्वरचं धरण. दम असेल तर तिथून धोदाणीपर्यंत, डोंगराच्या पायथ्याला रस्ता संपतो तिथपर्यंत. रस्ता मधूनमधून उखडलेला आहे, ३२ मिलिमीटर रुंदीचा तरी टायर हवा, हायब्रिड सायकल उत्तम. खाण्यापिण्याचं नेरेमध्ये उरकून घ्यायचं, पुढे भरवसा नाही.

परतताना वारा तोंडावर येतोच, पण नेरे ते पनवेल पट्टा झाडांमुळे थोडा आडोशाचा आहे आणि ट्रॅफिक हायवेसारखं अंगावर येत नाही. म्हणून पहिल्या पन्नाससाठी माझं मत देहरंग, ठाम. कर्नाळा दुसऱ्यांदा, बरोबर कोणीतरी असताना.

उरणचं थोडक्यात सांगतो. पिरवाडीचा किनारा सुंदर आहे, रस्ता सपाट आहे, पण उलवे सोडलं की गव्हाण फाटा, जासई सगळीकडे कंटेनरच कंटेनर. चाळीस फुटी ट्रेलर वळताना मागची चाकं आत येतात आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. चांगले तयार सायकलस्वार जातात, मीही गेलोय, कोणाला सुचवत नाही. आणि अटल सेतूवर सायकल चालत नाही, दुचाकीलाही बंदी आहे, हे दर आठवड्याला कोणीतरी विचारतं म्हणून लिहिलं.

शंभरी गाठायची असेल तर जुना पुणे हायवे. पनवेल, शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली, डावीकडे आधी प्रबळ मग इर्शाळगड, आणि ज्यांची छाती तयार आहे त्यांनी खोपोलीपासून बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढायचं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं देऊळ असं सांगतात, येणारा-जाणारा ट्रकवालाही तिथे हात जोडतो. इथेही परतीचंच बघा, खोपोलीहून पनवेलपर्यंत तीसेक किलोमीटर उलटा वारा, उन्हात. दोन बाटल्या, मीठ-साखर-लिंबू, आणि साडेआठला खोपोली सोडायची, मग घाट अर्धा राहिला तरी चालेल.

पावसाळ्यात हे सगळं गणित बदलतं. खारघर टेकडी आणि गाढेश्वर धरणाच्या परिसरात दरवर्षी बंदी येते, लोक बुडतात म्हणून येते, ती पाळा. तेव्हा पारसिक हिल चालू ठेवा आणि रविवारी फक्त नेऱ्यापर्यंत जा. जूनच्या सुरुवातीला त्या बाजूच्या बाया रस्त्याकडेला शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात, सोबत काकडं ही रानफळंही देतात, खाज येऊ नये म्हणून भाजीत ती लागतात. दोन जुड्या घ्यायच्या, मागच्या खिशात बरोबर मावतात.